मास्तरांची फुंकर

दुबईच्या अल क्वोजमधल्या ज्या म्युझिक क्लासच्या फ्रंट डेस्कवर मी नोकरी करायचे, तो क्लास एका जुन्या वेअरहाऊसमध्ये होता. एका बाजूला टायरचं गॅरेज आणि दुसऱ्या बाजूला मार्बल कापायचा कारखाना. ते मशीन सुरू झालं की आमच्या काचा थरथरायच्या आणि पियानोच्या मुलांचे पालक माझ्याकडे येऊन तक्रार करायचे. फ्लूट शिकवणारे सर मात्र खूश व्हायचे. मशीनचा आवाज एका सुरात लागला की मुलांना उभं करून ते म्हणायचे, "यल्ला, चला, आपला तानपुरा आला!" आणि त्या सुरावर मुलांकडून लांब लांब फुंकर घालून घ्यायचे. तानपुरा हा शब्द त्यांना मीच शिकवला होता.

ते इटालियन होते. साठीला टेकलेले, उंच, खांद्यात जरासे वाकलेले, बारा महिने पांढरा शर्ट बाह्या दुमडून घालणारे. मुलं त्यांना 'मायेस्त्रो' म्हणायची, गेटवरचा वॉचमन 'मास्टरसाब' म्हणायचा, आणि मी मनातल्या मनात मास्तर म्हणायला लागले. आमच्या कराडला मी लहानपणी पेटी शिकले, त्या गुरुजींनाही सगळे मास्तरच म्हणत. एकदा ते तोंडातून निघून गेलं. त्यांनी दोनतीनदा पुटपुटून पाहिलं, म्हणाले, "मास्तर. गुड. मायेस्त्रोपेक्षा चांगलं. मायेस्त्रो म्हटलं की मला माझे टीचर आठवतात आणि भीती वाटते."

मला ते 'सिन्योरा', म्हणजे बाई, म्हणायचे. सगळ्यांनाच म्हणत असतील, पण मला आवडायचं.

माझ्या मुलीला त्यांच्याकडे घातलं तेव्हा ती अकरा वर्षांची होती. आमच्या घरात त्यावरून थोडी कुरकुर झाली. माझे मिस्टर शारजात हमरियाला एका कंपनीत स्टोअर्स सांभाळतात. ते म्हणाले, "बासरीच शिकवायची तर आपली शिकव की. ही चांदीची नळी कशाला?" मुलगी म्हणाली, "बाबा, इट्स नॉट अ नळी." तेवढ्यावर विषय संपला.

पहिले कित्येक आठवडे मास्तरांनी तिला फ्लूट हातात धरूच दिली नाही. तिला जमिनीवर उताणं झोपवायचे, पोटावर बासमती तांदळाची पिशवी ठेवायचे आणि सांगायचे, "तांदूळ वर गेला पाहिजे. खांदा नाही, तांदूळ." ती पिशवी त्यांनी खास त्यासाठी समोरच्या ग्रोसरीतून आणलेली होती. मी दारातून बघायचे आणि मला हसू यायचं. पण जेव्हा तिने पहिल्यांदा खरा सूर काढला तेव्हा तो इतका भरलेला आला की मी कॉम्प्युटरवरचे हात उचलून बसून राहिले.

दुपारी क्लास रिकामा असायचा. पँट्रीत ते स्वतःची कॉफी स्वतः करायचे, एका छोट्या अष्टकोनी भांड्यात, आणि मला अर्धा कप द्यायचे. त्या अर्ध्या अर्ध्या कपांतून मला त्यांचं आयुष्य कळलं. गाव डोंगराच्या पायथ्याशी. वडील कापडगिरणीत. गावाचा एक बँड होता, त्यात जायचं म्हणून हा मुलगा गेला. त्याला ट्रंपेट हवं होतं, पण ट्रंपेट शिल्लक नव्हतं. बँडमधला एक म्हातारा नुकताच वारला होता, त्याची फ्लूट तेवढी पडून होती. ती याच्या हातात दिली. "मी तीन दिवस रडलो," मास्तर म्हणाले, "आणि चौथ्या दिवशी ती वाजली."

पुढे ते शहरात शिकले, एका ऑर्केस्ट्रात लागले. तिथेच चेलो वाजवणाऱ्या मुलीशी लग्न केलं. संगीत लिहायचेही. मी विचारलं, "फेमस आहे का तुमचं?" तर ते खूप हसले. म्हणाले, "सिन्योरा, माझं संगीत ऐकलेली सगळी माणसं एका टॅक्सीत मावतील."

मग ऑर्केस्ट्रा बंद पडला. त्याच सुमारास बायको आजारी पडली आणि गेली. ज्या घरात दोन वाद्यांचा आवाज होता तिथे त्यांना एकट्याने बसवेना. कुणीतरी सांगितलं, दुबईत हॉटेलच्या लॉबीत वाजवायला माणूस हवा आहे. आले. लोक चहा पीत, केक खात, आणि हे कोपऱ्यात उभे राहून वाजवत. दोन वर्षं तसं केल्यावर आमच्या क्लासच्या मालकीणबाईंनी त्यांना तिथून उचलून आणलं.

इथे आल्यावर त्यांच्या लिहिण्याला पुन्हा पालवी फुटली. ते प्रत्येक मुलासाठी वेगळी रचना लिहायचे. शिंपी माप घेतो तसं आधी त्या मुलाचं माप घ्यायचे: श्वास किती पुरतो, कुठलं बोट आळशी आहे, कुठल्या सुराला मूल घाबरतं. एका मुलाचा पुढचा दात पडला होता तर जे सूर त्याला तेव्हा निघत नव्हते ते सगळे गाळून त्याच्यासाठी एक गाणं लिहिलं. दात आल्यावर त्याला दुसरं लिहून दिलं. हे कुणी सांगितलेलं काम नव्हतं. त्याबद्दल कुणी त्यांना काही विचारतही नव्हतं.

माझी मुलगी चौदा वर्षांची असतानाची गोष्ट. शनिवारची सकाळ, क्लासची गर्दीची वेळ. मास्तर नेहमीसारखे आले, मला हात केला आणि आत गेले. थोड्या वेळाने मुलगी धावत डेस्कवर आली. "आई, कम. समथिंग इज राँग विथ मायेस्त्रो."

मी गेले. ते खोलीच्या मध्यभागी फ्लूट ओठाला लावून उभे होते. फुंकत होते, पण सूर नव्हता, नुसता वारा. त्यांना स्वतःलाच कळत नव्हतं काय होतंय. फ्लूट खाली घेऊन त्यांनी तोंड पुसलं, पुन्हा लावली, पुन्हा वारा. मग माझ्याकडे वळून हसले. चेहऱ्याची उजवी बाजू हसत होती. डावी तशीच लोंबत होती. डावा डोळा मिटत नव्हता.

"सिन्योरा," ते म्हणाले. शब्द ओठाच्या कोपऱ्यातून सांडल्यासारखा आला. "सकाळी कॉफी शर्टावर पडली. मला वाटलं, मी म्हातारा झालो."

मी मिस्टरांना फोन केला. शनिवार, त्यांना सुट्टी होती. ते येईपर्यंत मुलगी मास्तरांचा हात धरून बसली होती. हॉस्पिटलमध्ये तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, मेंदूचं काही नाही, चेहऱ्याची नस सुजली आहे, गोळ्या घ्या, व्यायाम करा, बहुतेक लोक बरे होतात. रात्री मी कराडला आईला फोनवर सांगितलं. ती लगेच म्हणाली, "तोंडावरून वारं गेलं म्हण की. बिचारा. आणि फुंकायचाच धंदा त्याचा."

शारजात अल नहदाला आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक फिजिओथेरपिस्ट होती, मल्याळी. मिस्टरांनी तिच्याशी बोलून ठरवून टाकलं. आठवड्यातून तीनदा मास्तर दुबईहून शारजाला यायचे. ती त्यांच्या गालाला करंट द्यायची, मग आरशासमोर बसवून प, फ, ब, म म्हणायला लावायची. आयुष्यभर दुसऱ्यांकडून ओठांचे व्यायाम करून घेतलेला माणूस लहान मुलासारखा आरशात बघत 'प, प' करायचा, आणि ओठातून हवा निसटून जायची.

तिथून वर आमच्या घरी आणल्याशिवाय मिस्टर त्यांना सोडायचे नाहीत. पहिल्या दिवशी मी मऊ भात, मुगाचं वरण आणि वर तूप असं वाढलं. त्यांनी चमचा हातात घेतला आणि तसेच बसून राहिले. माझ्या लक्षात आलं, घास तोंडात राहत नाही, डाव्या बाजूने ओघळतो; त्यांना आमच्यासमोर जेवायची लाज वाटते आहे.  मिस्टर उठले, आपलं ताट घेऊन सोफ्यावर गेले, टीव्ही लावला, मॅच सुरू होती, आणि म्हणाले, "कम, सर. आपण क्रिकेट बघत जेवू." दोघं टीव्हीकडे तोंड करून शेजारी शेजारी बसले. टीव्हीकडे बघत असताना कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. मास्तरांना क्रिकेटमधलं काही कळत नव्हतं. त्यांनी सगळा भात संपवला.

त्यानंतर तसंच ठरून गेलं. मिस्टर मुळात कमी बोलणारे. त्यांची आणि मास्तरांची काय मैत्री झाली मला आजही नीट सांगता येणार नाही. दोघं गप्प बसायचे. मध्येच मास्तर विचारायचे, "आउट?" मिस्टर म्हणायचे, "नॉट आउट." एवढंच.

महिने गेले. डोळा मिटायला लागला, पाणी पिता यायला लागलं, हसू जवळजवळ सरळ झालं. लोक म्हणायचे, अरे वा, बरे झालात! वॉचमनने तर मिठाई आणली. फक्त वरच्या ओठाची डावी कड परत आली नाही. बाहेरून काही दिसायचं नाही. पण फ्लूट वाजवणाऱ्याचं सगळं तिथेच असतं, असं त्यांनी मला पूर्वी सांगितलं होतं. एवढीशी फट, केसाएवढी, तिच्यातून श्वास नेमका सुटावा लागतो.

एका संध्याकाळी सगळे वर्ग सुटल्यावर मी हजेरीचे कागद गोळा करत फिरत होते. त्यांच्या खोलीतून आवाज आला. ते वाजवत होते. मी दाराशी थांबले. खालचे दोनतीन सूर आले, घोगरे, हवेने भरलेले, खिडकीच्या फटीतून शमालच्या, धुळीच्या वाऱ्याच्या दिवसांत येतो तसा आवाज. मग तोही तुटला. त्यांनी फ्लूट उजवीकडे सरकवून पाहिली. बोटाने ओठाची डावी कड दाबून धरली, पण मग बोटं कमी पडली. असं किती वेळ चाललं कोण जाणे. मला तिथून निघून जायला हवं होतं, पण मी बघत उभी राहिले. शेवटी त्यांनी मान वर केली आणि मी त्यांना दिसले.

प्रत्येक तासाच्या शेवटी ते टाळी वाजवून मुलांना 'खलास!' म्हणायचे आणि मुलं ओरडत बाहेर पळायची. त्या संध्याकाळी त्यांनी फ्लूटचे तीन तुकडे वेगळे केले, एकेक पुसून पेटीत ठेवला, पेटी बंद केली आणि म्हणाले, "खलास, सिन्योरा." मी "इन्शाल्ला, सर, होईल" असं काहीतरी म्हणाले. त्यांनी मान हलवली. माझं मन राखायला हलवली असावी.

पुढचं सगळं माझ्याच डेस्कवरून गेलं, म्हणून मला माहीत आहे. पालकांचे फोन यायला लागले. उद्धट कुणी नव्हतं. "मॅडम, सर वाजवून दाखवू शकत नाहीत तर मूल शिकणार कसं?"  मी म्हणायचे, सर गाऊन दाखवतात, त्यांचा कान तसाच आहे. पलीकडून 'आय अंडरस्टँड' यायचं आणि पुढच्या महिन्यात ते मूल दुसरीकडे गेलेलं असायचं. मालकीणबाई लेबनीज, मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी एक तरुण फ्लूट टीचर नेमली आणि मास्तरांना अगदी लहान मुलांचा तालाचा वर्ग दिला. चार-पाच वर्षांची मुलं, खुळखुळे आणि डफ. मास्तर तो वर्गही मनापासून घ्यायचे. जमिनीवर मांडी घालून बसायचे, उठताना भिंत धरायचे.

माझ्या मुलीलाही त्यांनी नव्या टीचरकडे जायला सांगितलं. ती ऐकेना. शेवटी आमच्या घरी, जेवणानंतर, त्यांनी तिला समोर बसवलं. मी भांडी आवरत होते, सगळं ऐकू येत होतं.

"तुला चांगला सूर ऐकायला मिळाला पाहिजे," ते म्हणाले. "ऐकल्याशिवाय हे शिकता येत नाही. माझ्याकडे आता सूर नाही."

ती म्हणाली, "बट आय रिमेंबर युअर साउंड."

 मिस्टरांनी टीव्हीचा आवाज थोडा वाढवला. थोड्या वेळाने मास्तर उठून बाल्कनीत गेले आणि बराच वेळ खाली ट्रॅफिककडे बघत उभे राहिले. आत आले ते म्हणाले, "फ्रायडे. इथेच. तांदूळ तयार ठेव."

तेव्हापासून दर शुक्रवारी संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये शिकवणी सुरू झाली. ते गाऊन दाखवायचे, हाताने हवेत आकार काढायचे, आणि ती वाजवायची. "नाही, माझा सूर असा नव्हता," असं म्हणायचे. "माझा सूर इथे गोल होता." ती डोळे मिटायची, पुन्हा वाजवायची. कधी कधी ते एकदम थांबायचे आणि हात वर करायचे, जसं कुणी ओळखीचं माणूस रस्त्यापलीकडे दिसावं. मग म्हणायचे, "हां. हा." त्या 'हां'साठी ती आठवडाभर घासायची.

त्या वर्षी त्यांनी तिच्यासाठी एक रचना लिहिली. लांब श्वासांची, बरीचशी खालच्या सुरांतली. तिने विचारलं नाव काय, तर म्हणाले नाव नाही. वार्षिक कार्यक्रम एका शाळेच्या ऑडिटोरियममध्ये होता. ती वाजवायला उभी राहिली तेव्हा मी मास्तरांना शोधलं. ते शेवटच्या रांगेत कडेला बसले होते. सबंध वेळ त्यांनी हात तोंडावर धरलेला होता. ती श्वास घ्यायची तिथे त्यांचे खांदे वर जायचे. ज्या माणसाने वर्षानुवर्षं 'खांदा नाही, खांदा नाही' असं बजावलं त्याचेच खांदे. टाळ्या झाल्या. लोक फोटो काढायला बोलावू लागले तेव्हा ते आले, आणि न सांगता प्रत्येक फोटोत आपली उजवी बाजू कॅमेऱ्याकडे करून उभे राहिले.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी त्यांचं काँट्रॅक्ट संपलं, ते पुन्हा झालं नाही. व्हिसा नोकरीवरच होता, म्हणजे देश सोडणं आलं. मालकीणबाई त्यांना सांगताना रडल्या. मास्तरांनीच त्यांची समजूत घातली.

एअरपोर्टला आम्ही तिघंही गेलो. माझ्या मुलीला मनातून वाटत होतं की ते फ्लूट तिला देतील. तिने मला तसं बोलूनही दाखवलं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं. फ्लूटची पेटी त्यांच्या काखेत होती. बॅगा चेक-इन झाल्या तरी तिथेच होती. ते तिच्याकडे बघून म्हणाले, "तुला वाटत असेल हा म्हातारा ही देईल. देणार होतो. काल रात्री पेटीवर तुझं नावही लिहिलं, आणि मग पुसलं. सॉरी. वाजत नाही, पण हिला सोडून मला झोप येणार नाही." मुलीचा चेहरा पडला. मग तिने त्यांना मिठी मारली. मिस्टरांनी हात पुढे केला, मास्तरांनी तो दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "नॉट आउट."  गाडीत बसल्यावर मिस्टरांनी बराच वेळ इंजिन सुरू केलं नाही.

ते गावी बहिणीकडे राहायला लागले. रविवारी व्हिडिओ कॉल यायचा. मागे कधी बर्फ दिसायचा, कधी टोमॅटोची रोपं. गावच्या बँडमधल्या मुलांना ते आठवड्यातून एकदा शिकवायला जायचे. "इकडे या," म्हणायचे. मिस्टर दर वेळी म्हणायचे, "नेक्स्ट समर, सर, पक्कं." एक उन्हाळा व्हिसाच्या अपॉइंटमेंटमुळे गेला, दुसरा सासूबाईंच्या आजारपणात. मग मुलगी शिकायला कॅनडात गेली. इंजिनीअरिंग, पार्ट टाइम नोकरी, हॉस्टेलच्या पातळ भिंती. तिने फ्लूट नेली होती, पण हळूहळू वाजवणं सुटलं. मास्तर मला तिच्याबद्दल विचारायचे, पण वाजवते का असं कधीच नाही. विचारायचे, "तिचा श्वास कसा आहे?" मी म्हणायचे, चांगला आहे.

मागच्या हिवाळ्यात एका दुपारी मी घरी कपड्यांच्या घड्या घालत होते. फोन वाजला. स्क्रीनवर त्यांचा फोटो. रविवार नव्हता, तरी मला आनंदच झाला. मी उचलून म्हणाले, "बोला मास्तर!"

पलीकडे एक म्हातारी बाई होती. त्यांची बहीण. तिला इंग्रजी येत नव्हतं, मला इटालियन. ती भराभर काही सांगत होती, मध्येच थांबत होती. त्यातला एक शब्द तिने पुन्हा पुन्हा म्हटला. मोर्तो. मोर्तो. तो शब्द मला कुणी शिकवलेला नव्हता, पण घडी घातलेला टॉवेल हातात धरून उभी असतानाच मला तो कळला. मी 'सॉरी, सॉरी' म्हणत राहिले. ती 'ग्रात्सिये', म्हणजे आभार, म्हणत राहिली. मग दोघींचेही शब्द संपले आणि आम्ही दोघी नुसत्या रडत राहिलो. फोन कुणीच ठेवेना.

हृदय बंद पडलं होतं, झोपेत. हे नंतर त्यांच्या भाच्याच्या मेसेजमधून कळलं.

मिस्टर हमरियाहून आले तेव्हा त्यांना दारातच सांगितलं. ते बूट न काढता सोफ्यावर जाऊन बसले, आपल्या नेहमीच्या जागेवर नाही, त्याच्या शेजारच्या. टीव्ही बंदच होता.

मुलीला मी तिकडे सकाळ झाल्यावर फोन केला.  ती रडायला लागली, आणि रडता रडता मराठीत म्हणाली, "आई, मी त्यांना सांगितलंच नाही की मी फ्लूट सोडली."

"त्यांना ठाऊक होतं गं," मी म्हणाले.

"हाऊ डू यू नो?"

 खरंच ठाऊक होतं का, मला माहीत नाही. मी म्हणाले, "तू काही खाल्लंस का?" ती म्हणाली, नाही.  फोनमधून तिचा श्वास ऐकू येत होता, अडकत अडकत, मग थोडा लांब, मग पुन्हा अडकत. तिला कॉलेजला जायला उशीर होत होता. मी तिला फोन ठेव म्हणाले नाही.